भिंतीखालची गाभोळी

माणूस भेटला की लोक मुलाबाळांचं विचारतात, पावसापाण्याचं विचारतात. आमचे सर विचारायचे, "काल मासे आणले होते का घरी? पोटात काय होतं?" हा प्रश्न त्यांनी मला एकदा माझ्या मावशीच्या तेराव्याला विचारला. सुतकाच्या घरात कुणी मासे शिजवत नाही, हे शेजारी बसलेल्या कुणीतरी त्यांच्या ध्यानात आणून दिलं. सरांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर. मग त्याच्या आधीच्या आठवड्यात?"

सर मुरबाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि राहायचे शहापुरात. मुरबाडच्या दोन घरमालकांनी त्यांना वासापायी बाहेर काढलं होतं, शहापूरच्या घरमालकाचं नाक सर्दीनं कायमचं बंद होतं. माशाच्या अंडाशयात अंडं कसं तयार होतं, आणि ते तयार होताना कुठली जनुकं जागी होतात नि कुठली झोपी जातात, हा सरांचा अभ्यासाचा विषय. विषय कसला, संसारच. खरा संसारही होता. बाई ठाण्याला नोकरी करायच्या, शनिवारी यायच्या, आणि येताना आठवणीनं चिकन आणायच्या. "कोंबडीच्या पोटात ह्यांना काही शोधायचं नसतं," असं त्या म्हणायच्या. एरवी त्या घरात मासा आधी भिंगाखाली जायचा, मग पातेल्यात. भिंगाखालून तो परत येईलच याची खात्री नसे.

संशोधनाला उत्तेजन म्हणून कॉलेजनं सरांना काय काय दिलं? एक फलक दिला. 'संशोधन कक्ष'. कक्ष दिला नाही. प्रयोगशाळेत एक फ्रीज होता, पण त्यात प्राचार्यांचं दही विरजत असे आणि विद्येच्या मंदिरात दह्याचा मान मोठा. म्हणून सर आपले नमुने शहापूरच्या स्टँडजवळच्या एका आइस्क्रीमवाल्याकडे ठेवायचे. वरच्या कप्प्यात बटरस्कॉच, खालच्या कप्प्यात शिंगटी माशाची अंडाशयं, छोट्या नळ्यांत, चिठ्ठ्या लावून. तिथून ती बर्फाच्या पेटीतून मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जायची, सरांच्या जुन्या मित्राकडे. त्या काळात त्या दुकानात ज्यांनी ज्यांनी कुल्फी खाल्ली, त्यांना मी आजवर काही सांगितलेलं नाही.

एका निवडणुकीत सरांना उंबरमाळीच्या बाजूला मतदान केंद्राची ड्यूटी लागली. सरकारी पेटाऱ्याबरोबर सर आपलीही बर्फाची पेटी घेऊन गेले, कारण वाटेत ओहोळ होता. बंदोबस्ताच्या हवालदारानं विचारलं, "यात काय?" सर खरं बोलले. सरांना दुसरं काही बोलताच येत नसे, हा त्यांच्यातला मोठा दोष. "अंडाशयं," ते म्हणाले. हवालदारानं वायरलेसवर साहेबाला विचारलं. साहेबानं विचारलं, "कोणाची?"

मी त्यांचा विद्यार्थी, शेणवे गावचा. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलो आणि मग संघटनेच्या कामात पडलो. पत्रकं लिहायची, गावोगाव वाटायची, कचेरीपुढे घोषणा द्यायच्या. सरांच्या लेखी मी वाया गेलेला नमुना. माझ्या लेखी सर म्हणजे गावाला आग लागली असताना माशाच्या पोटात डोकं घालून बसलेला माणूस. आमचं एकमेकांवर प्रेम होतं, असं कुणी म्हणाल तर मी वाद घालणार नाही, पण पुरावा मागेन.

जनुकांचं मला कळावं म्हणून त्यांनी एक दृष्टांत शोधून काढला होता. "हे बघ, गावात प्रत्येक घरात चूल आहे. खरं ना? पण सकाळी सगळ्याच घरातून धूर येत नाही. कुणी शेतावर गेलेलं असतं, कुणी उशिरा उठतं. पेशीतही सगळी जनुकं असतात. आज कुणाची चूल पेटली, ते मी धुरावरून ओळखतो. अंडं लहान असताना एका आळीतून धूर. बलक भरायला लागला की दुसऱ्या आळीतून. आणि अगदी शेवटी, अंडं सुटायच्या आधी, गावाच्या टोकाच्या दोन-चार घरांतून. ती शेवटची चूल पेटली नाही तर आधीचा सगळा स्वयंपाक फुकट."

"आणि धूर म्हणजे काय, सर?"

"धूर म्हणजे आरएनए. जनुक चालू असल्याची खूण. फार नाजूक. लगेच विरतो. आणि सगळ्यात लवकर कशानं विरतो माहीत आहे? माणसाच्या थुंकीनं."

यातूनच त्यांची ती प्रसिद्ध सवय. मासा चिरला की सर हातमोजा वर करून ओरडायचे, "बोलू नका!" ओहोळाच्या काठावर दहा माणसं असोत की पन्नास, सगळ्यांनी तोंड मिटायचं. बोलताना शिंतोडे उडतात, शिंतोड्यात ती नासधूस करणारी विकरं असतात, नमुना संपला. ज्या देशात माशाचं अंडाशय उघडलं की गावकऱ्यांना तोंड बंद ठेवावं लागतं, तिथं लोकशाहीचं काय होणार, असं मी एकदा त्यांना म्हणालो. मास्क न लावता म्हणालो. नळी त्यांनी फेकून दिली आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आता भिंतीचं सांगतो.

मुरबाडच्या अंगाला डोंगराच्या कुशीत एक रिसॉर्ट झालं. शहरातल्या लोकांना गाव बघायचं असतं, म्हणून गावातच एक खोटं गाव बांधलेलं. शेणानं सारवलेली जमीन, खाली टाइल. पाहुण्यांना नाव वल्हवायला तळं हवं, म्हणून त्यांनी ओहोळावर काँक्रीटची भिंत घातली. भिंतीच्या वर भाताची खाचरं, खाली नदीकडे जाणारा ओहोळ.

आमच्याकडे पाऊस धरला की नदीतले मासे उलट्या दिशेनं वर चढतात. ओहोळातून चढत, दगडावरून उड्या मारत थेट भातखाचरात येतात आणि उथळ पाण्यात अंडी टाकतात. याला आमच्यात वलगण म्हणतात. अख्खं गाव टोपल्या, झोळणी आणि बांबूची खोइनं घेऊन बाहेर पडतं. खोइन म्हणजे निमुळता सापळा, तोंडातून मासा आत गेला की परतायचं नाव नाही. पोटात अंड्यांची गच्च गाभोळी असलेला मासा, त्याचं आंबट कालवण. उरलेला धुरावर सुकवायचा. पुढे लावणीच्या दिवसांत चिखलातून दमून आलेल्या बाईला ताटात भाताबरोबर काय, याचं उत्तर म्हणजे तो मासा.

भिंत झाल्यावर दोन पावसाळे वरच्या खाचरात एकही मासा आला नाही. हौशाकाकूचं शेत तिथंच. काकू म्हणजे त्या गावची न निवडून आलेली सरपंच. ती मला म्हणाली, "दोन वरसं झाली रे, लावनीला नुसता मीठभात. ती बोटीत बसनारी मानसं खालून हात हालवितात आमाला. मी पन हालविते. बोटं मोडून."

मी तडक सरांकडे गेलो. अन्याय, पाणी, परंपरा, पोटाचा प्रश्न, सगळं तासभर सांगितलं. सरांचे डोळे चमकले. मला वाटलं, पेटला शेवटी माणूस.

"म्हणजे भिंतीखाली मासे अडकून पडलेत? अंड्यांसकट? आणि शेजारच्या ओहोळाला भिंत नाही? अरे वा! अशी तुलना मिळत नाही रे कुणाला!"

लोकांचं कालवण गेलं आणि ह्यांना तुलना मिळाली. तरी पेटी घेऊन आले. पावसाळाभर भिंतीखालचे मासे चिरले, शेजारच्या मोकळ्या ओहोळातले चिरले, गावाला गप्प बसवलं, आइस्क्रीमवाल्याचा खालचा कप्पा भरला. दिवाळीनंतर मुंबईहून उत्तर आलं. भिंतीखालच्या माशांत अंडी पूर्ण भरत होती, बलक उत्तम. मात्र शेवटची चूल पेटतच नव्हती. नवं उथळ पाणी, चढण, प्रवाह यांतलं काहीच त्यांना मिळत नव्हतं आणि अंडी सुटत नव्हती. काही दिवस वाट बघून अंगानं तीच अंडी परत जिरवून टाकली होती.

पत्रकाचा एक धर्म असतो. चालत्या माणसानं चालता चालता वाचून जागेवर संतापलं पाहिजे. मी मथळा दिला, 'भिंतीनं मासळी वांझ केली!'

पहिली हौशाकाकू भडकली. "वांझ म्हनू नको रे. मासलीला पन नको. तिच्या पोटात हाय ना सगलं? तिला जाऊ देत नाय, ती काय वांझ झाली?"

मग सर. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे चूक आहे."

"सर, भावार्थ घ्या."

"अंडाशयाला भावार्थ नसतो."

पत्रकं वाटून झाली होती. ती परत गोळा करणारी संघटना मी अजून पाहिलेली नाही.

आमच्या तक्रारीची सुनावणी तहसील कचेरीत झाली. तहसीलदार साहेब मध्ये, एका बाजूला रिसॉर्टचा वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही, मागे गाव. वकिलाच्या हातात आमचंच पत्रक. तो सरांना म्हणाला, "सर, आपण तज्ज्ञ आहात. एकच सांगा. भिंतीखालचे मासे वांझ आहेत का?"

"छे. अंडी फार सुरेख आहेत."

"धन्यवाद," म्हणून वकील खाली बसला. मी इथं मनातल्या मनात जे बोललो, ते कुठल्याही छापखान्यानं छापलं नसतं.

"पण," सर म्हणाले. साहेबांनी खुणेनं पुढे बोलायला सांगितलं. एवढंच म्हणायचं होतं, 'अंडी सुरेख आहेत पण सुटत नाहीत.' सहा शब्द. दुसरा कुणी असता तर बोलून मोकळा झाला असता. पण सरांचं म्हणणं, अंडं ज्या क्रमानं वाढतं त्याच क्रमानं सांगितलं पाहिजे, आधीच्या अवस्थेशिवाय पुढची कळतच नाही. त्यांनी माशाच्या पिल्लापासून सुरुवात केली. मग अंडाशयातल्या आदिम पेशी. मग त्यांचं विभाजन. मग यकृत बलक कसं तयार करतं, तो रक्तातून कसा येतो, अंड्याच्या दारावर त्याला आत कोण घेतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. शिपायानं डबा आणून ठेवला. सर अंड्याच्या कवचाशी पोचले तेव्हा साहेबांचा फोन वाजला आणि ते उठून गेले. परत आले ते निर्णय घेऊनच. तज्ज्ञांच्या मते अंडी सुस्थितीत. प्रकरण तूर्त प्रलंबित.

"एक विनंती," सर म्हणाले. "पावसात एकदा जागेवर या."

साहेब हो म्हणाले. पावसाळा लांब होता, हो म्हणायला काय जातं.

बाहेर आल्यावर हौशाकाकूनं सरांना रस्त्यातच धरलं. "सर, साहेबाला भूक लागलीवती आनि तुमी बालंतपन सांगत बसलात! ते पन मासलीच्या आजीपासनं!"

"क्रम सोडून कसं सांगणार, काकू?"

"घर जलताना कोन आदी सांगतं काय, भिंत कोनी बांदली, कवलं कुठनं आनली? आग लागली म्हनून वरडतात!"

सर विचारात पडले. कॉलेजात बावीस-तेवीस वर्षं शिकवून त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. विद्यार्थी झोपायचे, पण झोपेला ते टीका समजत नसत.

साहेब आले. हेही एक आश्चर्यच म्हणायचं, बहुधा रिसॉर्टवाल्यांनी जेवण ठेवलं होतं. वलगणीचे दिवस. भिंतीवरून पाण्याचा पडदा पडत होता आणि खालून मासे उड्या मारत होते. काँक्रीटवर आपटायचे, पडायचे, पुन्हा उडायचे. आम्ही 'भिंत पाडा, मासळी वाचवा' सुरू केलं होतं. सरांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. या वेळी नमुना नव्हता, तरी सवयीनं सगळं गाव गप्प झालं.

सरांनी हौशाकाकूकडून एक शिंगटी घेतली, शेजारच्या मोकळ्या ओहोळातून खाचरात चढलेली. काटा बाजूला धरून तिचं पोट साहेबांसमोर केलं.

"साहेब, अंगठ्यानं दाबा. हलकेच."

साहेबांनी आधी वकिलाकडे बघितलं, मग दाबलं. बारीक सोनेरी अंडी धारेनं सुटून त्यांच्या तळहातावर आली. साहेब तळहाताकडे बघतच राहिले. सरकारी नोकरीत तळहातावर इतकं निर्मळ काही क्वचितच पडत असावं.

"आता ही." सरांनी भिंतीखालून धरलेली दुसरी दिली. पोट तसंच टम्म. साहेबांनी दाबलं. काही नाही. जोरानं दाबलं. काही नाही.

"भरलेली आहेत," सर म्हणाले. "सुटत नाहीत. वर जायला मिळत नाही म्हणून. थोड्या दिवसांनी आतच जिरतील."

बस्स. पिल्लू नाही, पेशी नाही, यकृत नाही. मागून काकू म्हणाली, "आता कसं बोललात!"

साहेबांनी हात धुतले आणि म्हणाले, "मग ही भिंत पाडावी लागेल म्हणता?"

त्या क्षणासाठी मी वर्षभर पत्रकं लिहिली होती. वकिलाचा चेहरा उतरला होता. पोरांनी घोषणेसाठी छातीत हवा भरून घेतली होती. सगळा डोंगर थांबला होता एका शब्दासाठी. सरांनी हाताची वीत करून दाखवली.

"पाडायला कशाला? एवढी खाच पुरे. खाली चार दगडांचा उतार. मासे चढतील."

वकील इतक्या लगबगीनं कबूल झाला की साहेबांना पेनचं टोपण काढायलाही वेळ मिळाला नाही. आमची घोषणा छातीतच राहिली. परतताना सरळगावच्या फाट्यापर्यंत मी सरांना बोलत होतो. "सर, भिंत पडत होती! अख्खी! तुम्हाला कोणी विचारलं होतं कमीत कमी किती लागेल?"

"साहेबांनी विचारलं."

"ती भिंत म्हणजे काय आहे, कळतं का तुम्हाला? जमिनीवर, पाण्यावर, माणसांवर..."

"भिंतीचा माझा अभ्यास नाही," सर म्हणाले.

खाच पडली. पुढच्या वर्षी पाऊस धरला आणि काकूचा निरोप आला, मासली चढायला लागली. मी गेलो. अर्ध्या वाटेवर मला आमच्या विजयाचं पत्रक सुचत होतं. पोचलो आणि थांबलो.

खाचेच्या वरच्या तोंडाला खोइन लावलेलं होतं. त्याच्या मागे दुसरं. त्याच्या मागे झोळणं धरून तीन माणसं, आणि बाजूला नंबर लावून उभी असलेली आणखी. पूर्वी मासे ओहोळाच्या सगळ्या अंगानं चढायचे. हाताला लागतील तेवढे लागायचे, बाकीचे निसटून खाचरात जायचे. आता दार एकच आणि तेही वीतभर. खालून येणारा एकूणएक मासा गाभोळीसकट सापळ्यात पडत होता. सरांनी माशाला किती जागा लागते याचा हिशेब अगदी अचूक केला होता. गावात माणसंही राहतात, हे त्यांच्या अभ्यासात नव्हतं.

आणि सर? सर छत्री घेऊन पाण्यात बसले होते. त्यांनी खोइन काढून काठावर ठेवलं होतं आणि खाचेच्या तोंडाशी, कमरेपर्यंत ओल्या पँटनिशी, ठाण मांडलं होतं. माणसं चिडली होती. एक जण ओरडला, "ओ सर, उठा तिथनं! चार वरसं उपाशी ठेवलं त्या भिंतीनं, आता तुमी ठेवता?"

मी पुढे झालो, सरांच्या बाजूला उभा राहिलो आणि भाषण सुरू केलं. सामूहिक संसाधन, भावी पिढी, संयम. मी ज्यांच्यासाठी भांडलो तीच माणसं माझ्याकडे अशी बघत होती, जसा मी साहेबांकडे बघत असे.

काठावर ठेवलेलं खोइन हौशाकाकूचं होतं. ती आली, कमरेवर हात ठेवून सरांसमोर उभी राहिली.

"आमचे बाप-आजे धरीतच व्हते ना सर? संपली का मासली?"

"तेव्हा वाट रुंद होती, काकू. आता एवढीच आहे. आणि एवढीच मी मागितली." सरांचा आवाज बारीक झाला होता. "अंडी टाकून परत उतरतील, तेव्हा धरा."

"परतताना मासा नुसता काटा अस्तो. गाभोलीबिगर काय चव?"

"गाभोळीच तर जाऊ द्यायची आहे."

काकूनं काठावरच्या आपल्या खोइनाकडे बघितलं. पाऊस तिच्या इरल्यावरून ओघळत होता. ती जे सोडून देणार होती ते तिचं चार वर्षांचं कालवण होतं. ना सरांचं, ना माझं. शेवटी तिनं वाकून आपलं खोइन उचललं, काखेत मारलं आणि मागच्यांना ओरडली, "काढा रे सगल्यांनी! आजचा दिस जाऊ द्या वरती. उद्याचं उद्या बघू." कुरकुर झाली, दोन शिव्या पडल्या, पण काकूपुढे खोइन लावायची कुणाची छाती नव्हती. एकेक सापळा निघाला.

वाट मोकळी झाली, तरी मासा एकही वर येईना. खाली उड्या दिसत होत्या, वर काहीच नाही. आम्ही दोघं वाकून बघत होतो. सर म्हणाले, "प्रवाह कमी झाला की काय?"

काकू पाण्यात उतरली आणि सरांच्या पायाजवळ वाकून पाहिलं.

"उठा सर. मासली तुमच्याच टांगेला येऊन थडकते." मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आनि तू पन हो रे बाजूला. पुरं झालं भाषन."

आम्ही बाजूला झालो. मासे चढले.